स्थळपाहणी

"उद्या सेलबर्नला जाऊ या," असं मुलीने शनिवारी रात्री जाहीर केलं, तेव्हा मी साहजिकच विचारलं, "तिथे काय आहे?"

"चालायचं आहे, बाबा."

हे काही उत्तर झालं नाही. चालायला बेसिंगस्टोकला तिच्या घरासमोर चांगला रुंद फूटपाथ आहे आणि त्यावर चिटपाखरूही नसतं. माझी अर्धी नोकरी वाई-महाबळेश्वराकडे गेली. सहल म्हणजे पॉइंट, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. एक पॉइंट झाला की दुसरा, प्रत्येक ठिकाणी एक फोटो, मधे कुठेतरी भाजलेलं कणीस, आणि घाट उतरताना 'आर्थर सीट तेवढा राहिला' अशी हळहळ. त्यात मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेला. आमच्याकडे स्थळपाहणीला एक रीत असते. गावनकाशा काखेत मारून जायचं, चतुःसीमा बघायच्या, जागेवर काय काय आहे ते लिहून काढायचं आणि खाली पंचांच्या सह्या घ्यायच्या. 'जागेवर काहीही आढळून आले नाही' असा पंचनामा मी चौतीस वर्षांत एकदाच केला, आणि त्याची पुढे दोन वर्षं चौकशी चालली.

"गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक गृहस्थ होते तिथे," जावईबापू मदतीला आले. "अठराव्या शतकात. त्यांनी त्या गावावर पुस्तक लिहिलं. अजून छापतात."

"काय घडलं होतं गावात?"

"काहीच नाही," जावईबापू म्हणाले. "तेच तर आहे पुस्तकात."

तर असे आम्ही चौघे मे महिन्यातल्या एका रविवारी, चार छत्र्या, तीन रेनकोट आणि हिने केलेले मेथीचे ठेपले घेऊन हॅम्पशर परगण्यातल्या त्या गावी दाखल झालो. गाव म्हणजे एक लांबट रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि पश्चिमेला घरांच्या परसांवर ओणवी झालेली एक टेकडी. तिच्या अंगावर बीचच्या झाडांची दाट झालर आहे. या उतारावरच्या रानाला तिकडे 'हँगर' म्हणतात, म्हणजे लोंबकळतं रान. मे महिन्यातली बीचची पालवी इतकी कोवळी हिरवी असते, की तिच्याकडे बघताना दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाकडे फार वेळ बघितल्यासारखं वाटतं.

गिल्बर्ट व्हाइट याच गावात १७२० साली जन्मला. त्याचे आजोबा इथल्या चर्चचे व्हिकर होते. (हा शब्द मराठीत जपून लिहावा लागतो. एक मात्रा इकडची तिकडे झाली की धर्मोपदेशकाचा विकार होतो.) नातवाला मात्र ती जागा कधी मिळाली नाही. सेलबर्नच्या व्हिकरची नेमणूक ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या हातात होती आणि हा ओरिएल कॉलेजचा. त्यामुळे तो आपल्याच गावात क्युरेट, म्हणजे हंगामी कारभारी, म्हणून राहिला. प्रमोशन अडलेला माणूस एक तर खात्याला शिव्या देत बसतो, नाही तर काहीतरी छंद लावून घेतो. याने गावाचा छंद लावून घेतला. रोज चालायचं, पाहायचं आणि घरी येऊन लिहायचं. दोन विद्वान मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून त्याचं पुस्तक झालं, ते १७८९ सालचं. फ्रान्समध्ये त्या साली बास्तीय पडली. सेलबर्नमध्ये पाकोळ्या वेळेवर आल्या.

तिथल्या वस्तुसंग्रहालयात त्या पुस्तकाची प्रत मी उभ्याउभ्या चाळली आणि पाचव्या पत्राशी थबकलो. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. आपल्याकडचा मौजे म्हणा ना. १८९४ च्या कायद्याने तिकडे पॅरिशच्या कौन्सिलीही झाल्या, म्हणजे थेट ग्रामपंचायतच. व्हाइटने आपल्या मौज्याची सगळी माहिती देऊन ठेवली आहे. घरं १३६, माणसं ६७६. शिवेवरून फेरी मारायची तर तीस मैल भरतात आणि तीन दिवस मोडतात. पावसाचं मोजमाप इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत, १७८२ साली पन्नास इंचांच्या जरा वर. मला एकदम गहिवरून आलं. हा माणूस आमच्या खात्यातला! पन्नास इंचांचं त्याला अप्रूप वाटलेलं दिसतं. महाबळेश्वरचे दोनशेच्या वरचे आकडे मी स्वतः सही करून वर पाठवलेले आहेत, पण ते सोडा. वरून कोणी मागितलं नसताना आकडे लिहून ठेवणारा माणूस मी सबंध नोकरीत पाहिला नव्हता.

त्या शिवेच्या फेरीचीही गंमत आहे. इंग्लंडात पूर्वी नकाशे कमी, म्हणून दरवर्षी गावकरी आणि धर्मोपदेशक मिळून हद्दीवरून चालत जायचे आणि बरोबर पोरं न्यायचे. हद्दीचा दगड आला की एखाद्या पोराला त्यावर आपटायचं, नाही तर छडीचा प्रसाद द्यायचा, म्हणजे म्हातारपणीही त्याला तो दगड विसरायला नको. आमच्याकडे हद्दीचे वाद तीस-तीस वर्षं का चालतात ते मला तिथे कळलं. आपण शिवेवर नारळ फोडतो. नारळाला काही आठवत नाही.

चर्चच्या पुढे एक छोटं मोकळं पटांगण आहे, त्याला 'प्लेस्टर' म्हणतात. नावाचा अर्थ खेळायची जागा. इथे एके काळी प्रचंड ओक होता, त्याच्या भोवती दगडी पायऱ्या आणि वर बैठका. उन्हाळ्याच्या संध्याकाळी म्हातारे बसून गप्पा मारायचे आणि तरुण त्यांच्यासमोर नाचायचे.

"म्हणजे पार," ही म्हणाली.

मी आणि जावईबापू तिथल्या पाटीवरचा मजकूर अजून वाचत होतो. हिने तो एका शब्दात निकालात काढला. पारच तो! फक्त आपल्याकडे म्हाताऱ्यांसमोर तरुण नाचत नाहीत, म्हातारेच त्यांना नाचवतात.

"आणि झाड कुठे आहे?" हिने विचारलं.

झाड १७०३ सालच्या मोठ्या वादळात पडलं. गावाला फार चुटपुट लागली. तेव्हाच्या व्हिकरने, म्हणजे आपल्या गिल्बर्टच्या आजोबांनी, पदरचे पैसे घालून तो अजस्र ओक पुन्हा उभा केला. त्याला थोडी पालवी फुटली आणि मग तो वाळून गेला. ही गोष्ट नातवाने लिहून ठेवली आहे. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण आम्ही चर्चच्या आवारात शिरलो.

तिथे दाराजवळ एक यूचा वृक्ष होता. होता, असंच म्हणायला हवं. यू म्हणजे इंग्लंडातल्या दफनभूमीतला चिरंजीव. शेकडो वर्षं जगतो, काहींच्या मते हजारावर. व्हाइटने या यूचा घेर तेवीस फूट मोजला होता. हा वृक्ष २५ जानेवारी १९९० च्या वादळात उन्मळून पडला, मुळांच्या विळख्यात जुन्या गावकऱ्यांची हाडं घेऊन. आणि गावाने काय करावं? पुन्हा उभा केला! १७०३ साली काय झालं ते ज्या गावाच्या पुस्तकात छापलेलं आहे, त्याच गावाने, त्याच हौसेने, दोनशे सत्त्याऐंशी वर्षांनी यंत्रं लावून, पाणी पाजून ते धूड पुन्हा जमिनीत रोवलं. त्यालाही थोडी पालवी फुटली. तोही वाळला. आता तिथे बुंध्याचा राखाडी खांब उभा आहे, त्यावर वेली चढल्या आहेत, आणि जवळच त्याच यूच्या फांदीपासून वाढवलेलं नवं झाड आहे. जुन्या बुंध्यावर हात ठेवून ही जरा वेळ उभी राहिली. हिच्या माहेरी, गुहागरला, वादळात आडवा झालेला रातांब्याचा वृक्ष हिच्या भावांनी असाच दोर लावून उभा केला होता. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. मला आठवत होतं.

गिल्बर्ट व्हाइटची कबर मुलीने तीनदा शोधली. ती चर्चच्या उत्तर अंगाला आहे. एक बुटका दगड, गवतात रुतलेला, आणि त्यावर नावसुद्धा नाही, नुसती दोन आद्याक्षरं आणि तारीख, २६ जून १७९३. ती वाचायला माझे गुडघे टेकावे लागले, आणि ते उठवायला जावईबापू लागले. आवारात आणखी एका माणसाची आठवण आहे. व्हाइट जाऊन सदतीस वर्षं झाली आणि नोव्हेंबर १८३० मध्ये याच शांत गावातल्या भुकेल्या शेतमजुरांनी व्हिकरच्या घराला वेढा घालून धर्मपट्टी कमी करायला लावली आणि गरिबांना कोंडून ठेवायची इमारत फोडली. शिंग फुंकून गर्दी जमवणारा माणूस इथेच पुरला आहे म्हणतात. व्हाइटच्या पुस्तकात पाकोळ्यांचा हिशोब जितका बारीक आहे तितका या मजुरांच्या भाकरीचा नाही. मी काही बोललो नाही. मी जन्मभर वसुली करणाऱ्यांच्या बाजूला होतो.

"अहो," ही हळूच म्हणाली, "इथे सगळं होतं. आहे काय?"

ओक होता. यू होता. कबरीवर नाव नाही. मला रायगड आठवला. गडावरचे गाइड काय दाखवतात? इथे बाजारपेठ होती, इथे महाराजांचा महाल होता, इथे धान्याची कोठारं होती. समोर जोती, गवत आणि वारा. आणि आपण मान डोलावतो, पोराला खांद्यावर घेऊन सांगतो, बघ रे, इथून महाराज बघायचे. नसलेली वस्तू बघण्याचा सराव मराठी माणसाइतका जगात कोणाला नसेल. मी हिला म्हटलं, "समज, गडावर आलोय." त्यावर हिने पदर खोचला. म्हणजे रेनकोटचा पट्टा आवळला.

व्हाइटच्या घराला 'द वेक्स' म्हणतात. समोर खाटकाचं दुकान होतं, ते दिसायला नको म्हणून त्याने १७५६ साली रस्त्यापलीकडे लिंडनची चार झाडं लावली. शेजारी आवडला नाही तर भिंत घालतात किंवा अर्ज करतात, एवढंच मला माहीत होतं. घरामागे बाग आहे, आणि बागेच्या टोकाला 'हा-हा' आहे. हा विनोद नव्हे. बागेत गुरं शिरू नयेत पण कुंपणही दिसू नये म्हणून खणलेल्या चराला हेच नाव आहे. लांबून हिरवळ सलग दिसते, जवळ गेलं की एकदम खड्डा. पुढे जाणारा त्यात पडला की मागचे जे म्हणतात, तेच नाव पडलं असावं असं जावईबापूंचं मत. आणखी पलीकडे, शेताच्या कडेला, गदेवर रेललेला हर्क्युलिस उभा आहे. ग्रीक, भव्य, पीळदार. पण दगडी पुतळा क्युरेटच्या पगारात बसेना, म्हणून व्हाइटने लाकडी फळी कापून तिच्यावर तो रंगवून घेतला. समोरून देव, बाजूने पाटी. आपल्या निवडणुकीतल्या कटआउटचे हे मूळ पुरुष. आताचा तिथे आहे तो नवा केलेला.

घरातल्या एका भागात ओट्स घराण्याचं दालन आहे, त्यात स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावर गेलेला कॅप्टन ओट्स. परतीच्या वाटेवर, १९१२ साली, आपल्या सुजलेल्या पायांमुळे सोबत्यांचा वेग कमी होतोय म्हणून तो तंबूतून वादळात निघून गेला आणि परत आला नाही. या मोहिमेवर जाण्याआधी तो आपल्या महूच्या छावणीत होता, बाबासाहेबांच्या जन्मगावी. महूच्या उन्हातून निघून तो बर्फात गेला आणि त्याच्या वस्तू आल्या कुठे, तर ज्याला घोडागाडीच्या प्रवासात मळमळायचं अशा माणसाच्या घरी.

पण या घराची खरी मालकीण टिमथी. ते कासव होतं. व्हाइटच्या ससेक्समधल्या आत्याकडे ते अनेक वर्षं होतं, १७८० साली आत्या वारली, आणि वारसाहक्काने ते याच्याकडे आलं. हिवाळ्याच्या शेवटी त्याला मातीतून उकरून, घोडागाडीत घालून, ऐंशी मैल आणलं. घरी आल्यावर ते बागेत दोन फेऱ्या मारून पुन्हा जमिनीत जाऊन झोपलं. आमच्याकडे बदलीवर आलेले बरेच अधिकारी असंच करायचे. व्हाइट त्याच्या मागेमागे वही घेऊन फिरायचा. किती वाजता उठलं, काय खाल्लं, वजन किती भरलं. पाठीवर गाडीचं चाक गेलं तरी काही होणार नाही असलं चिलखत असूनही ते पावसाच्या चार थेंबांना घाबरून कोपऱ्यात पळतं, याची त्याला मोठी मौज वाटायची. व्हाइटनंतर एका वर्षाने टिमथीही गेलं. त्याचं कवच लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. पुढे ते तपासलं तेव्हा कळलं, की टिमथी मादी होती.

ही पाटीपुढून हलेना. "तेरा वर्षं," ती म्हणाली. "तेरा वर्षं वही घेऊन मागे फिरला. वजन घेतलं. आणि बाई आहे हे नाही कळलं." मग माझ्याकडे एक नजर टाकून पुढे निघाली. या नजरेचं स्पष्टीकरण मी मागितलं नाही.

खरं सांगायचं तर व्हाइट असा आंधळा नव्हता. हिरवट रंगाचे, मुठीत मावतील असे तीन पक्षी, जे सगळ्यांना एकच वाटत होते, ते तीन वेगळे आहेत हे त्याने मुख्यतः आवाजावरून ओळखलं. मुलीने ते सांगितलं तेव्हा हिला नवल वाटलं नाही. आमच्या साताऱ्याच्या अपार्टमेंटमध्ये कुणाच्या कुकरची शिट्टी कुठली, हे ही झोपेतही सांगते.

ठेपले खाऊन आम्ही टेकडीला लागलो. वर जायला एक नागमोडी वाट आहे, झिगझॅग, गिल्बर्ट आणि त्याचा भाऊ जॉन यांनी १७५३ साली कोरून काढलेली. वळणावर वळण. मी वळणं मोजत होतो, पण दर दोन वळणांनी ही "किती झाली?" विचारायची आणि माझी मोजणी चुकायची. माथ्यावर एक दगड आहे. इच्छा बोलून दाखवायचा दगड म्हणतात त्याला. हिने हात जोडले. "शेंदूर नाही, फूल नाही, नुसता ठेवलाय," म्हणाली. मी इच्छा केली की उतरताना गुडघे राहावेत. ती अर्धी पुरी झाली.

दुपारनंतर चर्चमागच्या उतारावरून लिथ नावाच्या कुरणांकडे गेलो. या भागातल्या जुन्या वाटा चाकांनी आणि पाण्याने झिजून शेतांच्या खाली गेल्या आहेत. व्हाइटच्या वेळी काही सोळा-अठरा फूट खोल होत्या. दोन्ही बाजूंना उघडी मुळं, वरून फांद्यांची कमान, आत ओल आणि काळोख. "पाणंद!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो. चाळीस वर्षांच्या संसारात आमचं इतकं एकमत क्वचित झालं असेल. वरून डोकावताना बायका घाबरतात असं व्हाइटने लिहिलंय. हिचं म्हणणं, त्या बायकांना कधी खालून भारा घेऊन यावं लागलं नसणार.

पण मला चक्रावून टाकलं ते पुढच्या शेताने. गुडघाभर गहू, आणि त्यातून भांग पाडल्यासारखी एक पायवाट सरळ पलीकडे गेलेली. कडेला खांबावर पिवळा बाण. सार्वजनिक वाट, शेत कुणाचंही असो, चालणाऱ्याचा हक्क. मी बांधावरच थांबलो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. या कलमाखाली अडवलेल्या वाटा मोकळ्या करण्यात माझी उमेद गेली. एका पाणंदीपायी सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन आलेले मी पाहिले आहेत. आणि इथे चार परकी माणसं एकाच्या गव्हातून चालली होती आणि कुणी "ए!" म्हणत नव्हतं. मी जपून, कणसांना धक्का न लावता, कुणाच्या तरी अभ्यंगस्नानाच्या खोलीतून जावं तसा गेलो. पलीकडे दोन खुंट्यांच्या बेचक्यात हलणारं फाटक होतं. माणूस जातो, गाय जात नाही. "आमच्याकडे बेडं असतं तसं," ही म्हणाली. त्याचं इंग्रजी नाव किसिंग गेट, फाटक दोन्ही खुंट्यांना फक्त टेकतं म्हणून. ही व्युत्पत्ती जावईबापूंनी सासूसमोर सांगायला नको होती.

वाटेच्या शेवटी सेलबर्नचा मठ. १२३३ साली विंचेस्टरच्या बिशपने बांधला, अडीचशे वर्षांत ओस पडला, मिळकत मॉडलिन कॉलेजकडे गेली, दगड गावाने नेले. आता तिथे शेतकऱ्याचं घर आणि कुरण आहे. मठ नाही. जोतंसुद्धा नाही. आम्ही चौघं त्या गवताकडे आदराने बघत उभे राहिलो. हिने फोटो काढला.

संध्याकाळी बहिणीचा व्हिडिओ-कॉल आला. फोन हिने घेतला.

"काय पाहिलंत गं आज?"

"पार पाहिला, वन्सं."

"आणि झाड कसलं?"

"ते पडलं. सतराशे तीन साली."

"बरं. आणखी?"

"कासवाचं घर."

"केवढं होतं कासव?"

"ते तिथे नसतं. लंडनला असतं. म्हणजे पाठच फक्त. आणि ते ती होती."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बहीण म्हणाली, "दादाला दे जरा." मी फोन घेतला. "वहिनीला बरं आहे ना रे?"

"बरं आहे," मी म्हटलं. "मठ बघून आलोय. थांब, फोटो पाठवते ती."

हिने फोटो पाठवला. दहा मिनिटांनी बहिणीचा निरोप आला, 'मठाचा आला नाही गं. चुकून नुसत्या गवताचा आलाय. परत पाठव.'